ब्रिटनमध्ये कला आणि डिझाइनची पीएचडी: नव्याने येणाऱ्यांसाठी

जी.डी. आर्ट, बी.एफ.ए., एम.एफ.ए. करून ब्रिटनमध्ये पीएचडीला येणाऱ्या आपल्या मुलामुलींचा हात बहुतेक वेळा तयार असतो. अडतं ते वेगळ्याच ठिकाणी. इथे चित्र, वस्तू किंवा कापड सुंदर झालं म्हणून पदवी मिळत नाही. ते करताना काय नवं कळलं आणि ते कसं कळलं, हे दुसऱ्याला तपासता येईल अशा रीतीने मांडावं लागतं. हे उशिरा उमगलं की तिसऱ्या वर्षी कपाट कामाने भरलेलं असतं आणि प्रबंधात लिहायला काही नसतं.

या क्षेत्रात १९९३ मध्ये क्रिस्टोफर फ्रेलिंग यांनी केलेली विभागणी अजूनही रोजच्या बोलण्यात असते: कलेविषयी संशोधन, कलेसाठी संशोधन आणि कलेतून संशोधन. पहिल्यात इतिहास आणि सिद्धांत येतात. दुसऱ्यात आपण काम करण्यापूर्वी जमवतो ती माहिती येते, आणि नुसत्या त्यावर पीएचडी होत नाही. तिसऱ्यात करणं हीच शोधाची पद्धत असते. आपला प्रकार कोणता हे अर्जाआधीच ठरवा, कारण शब्दसंख्या, परीक्षक आणि लागणारी जागा सगळं त्यावर अवलंबून असतं. नुसत्या लेखी प्रबंधाची कमाल मर्यादा बऱ्याच विद्यापीठांत ८०,००० शब्दांच्या आसपास असते. प्रत्यक्ष कामासह असेल तर लेखी भाग साधारण ३०,००० ते ४०,००० शब्दांचा. नेमका आकडा आपापल्या विद्यापीठाच्या नियमावलीतच पाहा. पूर्ण वेळ अभ्यासक्रम तीन वर्षांचा आणि वर लेखनासाठी बहुधा एक वर्ष, असा हिशोब धरा.

आराखडा

प्रपोजल, म्हणजे संशोधनाचा आराखडा, १,००० ते १,५०० शब्दांचं मागतात. सर्वांत जास्त अर्ज इथेच गळतात, कारण प्रश्नाऐवजी विषय दिलेला असतो. ‘वारली चित्रकलेचा आधुनिक डिझाइनवरील प्रभाव’ हा विषय झाला, त्याला उत्तर असं काही नाही. आता हे पाहा: वारली चित्र भिंतीवर तांदळाच्या पिठाने, टोक चावून कुंचा केलेल्या काडीने काढलं जायचं. वारली चित्रकार जिव्या सोमा मशे यांच्यापासून, म्हणजे १९७० च्या दशकापासून, ते कागदावर आणि कापडावर आलं. भिंतीचा खडबडीतपणा गेल्यावर रेषेची जाडी आणि आकृत्यांमधली मोकळी जागा कशी बदलली, आणि तो फरक ॲनिमेशनमध्ये हालचालीसाठी कसा वापरता येईल? हा प्रश्न आहे. त्याला पद्धत सुचते, नमुने सुचतात आणि तो तीन वर्षांत संपू शकतो.

१,५०० शब्द असतील तर ते असे वाटा: प्रश्न २००, आधीचं काम आणि त्यातली उणीव ४००, पद्धत ४००, लागणारी यंत्रं आणि साहित्य १५०, उरलेल्यात वर्षवार वेळापत्रक. ‘आधीचं काम’ म्हणजे फक्त पुस्तकं नव्हेत. त्याच प्रश्नाशी झटणारे चित्रकार, विणकर, डिझायनर यांचं कामही त्यात यायला हवं.

सुपरवायझरला, म्हणजे होणाऱ्या मार्गदर्शकाला, आधी ईमेल करा. दोनशे शब्द, प्रश्न पहिल्या परिच्छेदात, सोबत प्रपोजल आणि पाच-सहा प्रतिमा. एकच मजकूर वीस जणांना पाठवलेला लगेच ओळखू येतो. त्या व्यक्तीचं एखादं काम पाहून, त्याचा आपल्या प्रश्नाशी संबंध दोन ओळींत लिहिलेला ईमेल वाचला जातो. जी.डी. आर्ट ही कला संचालनालयाची पदविका आहे हे इथल्या प्रवेश कार्यालयाला ठाऊक असेलच असं नाही. गुणपत्रिकेसोबत किती वर्षांचा अभ्यासक्रम, प्रात्यक्षिक किती, लेखी किती हे एका पानावर लिहून द्या. विद्यापीठाने मागितलं तर यूके एनिक या परदेशी पदव्या तोलणाऱ्या संस्थेचं समकक्षतेचं पत्र काढावं लागतं.

पैसा

यूकेआरआय या ब्रिटनच्या सरकारी संशोधन-निधी संस्थेच्या शिष्यवृत्त्या २०२१ पासून परदेशी विद्यार्थ्यांनाही खुल्या आहेत. कलेसाठी त्यातली एएचआरसी ही संस्था. परदेशी विद्यार्थ्यांचं प्रमाण साधारण ३० टक्क्यांपर्यंतच ठेवतात, आणि स्थानिक व परदेशी फीमधला फरक विद्यापीठ भरणार का, हा प्रश्न वेगळा. तो लेखी विचारा. या शिष्यवृत्तीचा अर्ज प्रवेश अर्जापेक्षा वेगळा असतो आणि त्याची मुदत बऱ्याचदा जानेवारीतच संपते. म्हणजे सुपरवायझरशी बोलणं आदल्या सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये सुरू व्हायला हवं.

महाराष्ट्रातल्या अनुसूचित जाती आणि नवबौद्ध विद्यार्थ्यांसाठीची राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती मोठा आधार आहे, पण कलेच्या विद्यार्थ्यांनी एक गोष्ट नीट बघावी. ती योजना क्यूएस ही संस्था दरवर्षी काढते त्या विद्यापीठांच्या एकूण जागतिक क्रमवारीतला क्रमांक बघते. रॉयल कॉलेज ऑफ आर्ट कला-डिझाइनच्या विषयवार यादीत वर्षानुवर्षं पहिलं असलं, तरी एकाच क्षेत्राची संस्था म्हणून एकूण क्रमवारीत ते नसतंच. अशा वेळी मोठ्या विद्यापीठाचा भाग असलेल्या कलाशाळा बघाव्यात: यूसीएलमधलं स्लेड, ऑक्सफर्डमधलं रस्किन, २०११ पासून एडिंबरा विद्यापीठात विलीन झालेलं एडिंबरा कॉलेज ऑफ आर्ट. केंद्राच्या नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिपने २०२२ च्या नियमांत भारतीय संस्कृती, वारसा, इतिहास आणि भारतविषयक सामाजिक अभ्यास हे विषय वगळले. आपल्यापैकी बहुतेकांचे विषय नेमके तिथेच मोडतात. म्हणून शीर्षक ठरवण्याआधी त्या वर्षीची नियमावली ओळ न् ओळ वाचा.

व्हिसा

टीबीची तपासणी मान्यताप्राप्त केंद्रातच करावी लागते आणि प्रमाणपत्र सहा महिने चालतं. खात्यातली रक्कम सलग २८ दिवस ठरलेल्या आकड्याखाली जाता कामा नये. एक दिवस जरी खाली गेली तरी अर्ज फेटाळला जाऊ शकतो. व्हिसासोबत भरायचा आरोग्य अधिभार विद्यार्थ्यांना वर्षाला ७७६ पौंड आहे आणि तो सगळ्या वर्षांचा एकदम भरावा लागतो, शैक्षणिक कर्जाच्या हिशोबात तो बऱ्याचदा धरलेला नसतो. जानेवारी २०२४ पासून जोडीदार आणि मुलांना सोबत आणण्याची मुभा मुख्यतः संशोधन पदव्यांपुरतीच उरली आहे, त्यामुळे प्रवेशपत्रावर ती संशोधन पदवी म्हणून स्पष्ट नोंदलेली आहे ना, हे पाहा.

कलाकारांनी सर्वांत सांभाळायची अट पुढची. स्टुडंट व्हिसावर स्वतःचा व्यवसाय करता येत नाही. पगारी नोकरी आठवड्याला २० तासांपर्यंत चालते, विद्यापीठात तासिकेवर शिकवणंही त्यात बसतं. पण ऑनलाइन दुकानातून प्रिंट विकणं, लोगो करून देणं, लग्नाच्या पत्रिकेचं काम घेणं, कमिशन घेऊन पोर्ट्रेट रंगवणं हे स्वयंरोजगारात मोडतं. पुण्या-मुंबईच्या गिऱ्हाइकासाठी इथे बसून केलेल्या कामालाही हीच अट लागू धरून चाला. प्रदर्शनात चित्र विकलं जाण्याची शक्यता असेल तर आधी विद्यापीठाच्या व्हिसा सल्लागाराला विचारा. आणखी एक: पीएचडीला उन्हाळ्याची सुट्टी नसते. मंजूर रजा सोडली तर बाराही महिने २० तासांचीच मर्यादा.

सामान

घरातली जुनी वस्तू अभ्यासाला म्हणून बॅगेत टाकू नका. १९७२ च्या पुरावशेष कायद्यानुसार शंभर वर्षांहून जुनी कलावस्तू आणि पंचाहत्तर वर्षांहून जुनं हस्तलिखित देशाबाहेर नेता येत नाही. आजोबांची पोथी याच्यात सहज बसते. चांगले फोटो, मोजमापं आणि वजन घेऊन या. टर्पेंटाइन आणि थिनर विमानात चालत नाहीत, ते इथेच घ्या.

पहिले तीन महिने

सुपरवायझरला नावाने हाक मारतात, ‘सर’ म्हणायची गरज नाही. तो काम नेमून देत नाही. भेट महिन्यातून एकदा, आणि तिची टिपणं काढून पाठवणं हे विद्यार्थ्याचं काम. काय ठरलं, कोण करणार, कधीपर्यंत, एवढं त्याच दिवशी ईमेलने पाठवा. बोलण्याची रीतही समजून घ्या: ‘याचा विचार करून बघायला हरकत नाही’ असं इथे कुणी म्हटलं, तर बहुधा ते करायलाच हवं असतं.

वर्कशॉपमध्ये इंडक्शन, म्हणजे यंत्र सुरक्षित वापरण्याची ओळख, झाल्याशिवाय यंत्राला हात लावू देत नाहीत आणि इंडक्शनच्या जागा टर्म सुरू होताच भरतात. पहिल्याच आठवड्यात लागतील त्या सगळ्या नोंदवा: लेझर कटर, स्क्रीन प्रिंटिंग, भट्टी, रंगकाम. रसायन वापरायचं असेल तर त्याच्या धोक्यांचा फॉर्म आधी भरावा लागतो. तिथले टेक्निशियन फार जाणकार असतात. नमुना घेऊन जा आणि वेळ ठरवून जा.

पूर्ण वेळ विद्यार्थ्यांना कौन्सिल टॅक्स, म्हणजे राहत्या घरावरचा स्थानिक कर, माफ असतो, विद्यापीठाचं पत्र कौन्सिलकडे पाठवावं लागतं. जीपीकडे, म्हणजे भागातल्या डॉक्टरकडे, नाव आजारी पडण्याआधी नोंदवा.

नोंदी

एकच उदाहरण जवळून बघू. नैसर्गिक रंगांवर काम करणारी विद्यार्थिनी. शंभर ग्रॅम सुती कापड, २० ग्रॅम हिरड्याची पूड, १५ ग्रॅम तुरटी, ५० ग्रॅम मंजिष्ठा, ६० ते ७० अंशांवर तासभर. गावाकडे बोअरच्या पाण्यात या मापाने भरीव लाल येत असेल, तर तेच ग्लासगोला केल्यावर फिकट येऊ शकतो. कारण पाण्यात आहे. मंजिष्ठेतली रंगद्रव्यं तुरटीतल्या ॲल्युमिनियमशी जोडली जाताना कॅल्शियम असेल तर लाल उठून दिसतो. ग्लासगोचं पाणी लॉक कॅट्रिन तलावातून येतं आणि त्यात क्षार फार कमी. लंडनचं पाणी मात्र क्षाराचं. ग्लासगोला रंगाच्या भांड्यात चिमूटभर खडूची पूड टाकली की फरक दिसतो. दुसरी खोच अशी की इथे दुकानात मिळणारं मॅडर हे रुबिया टिंक्टोरम, आपली मंजिष्ठा रुबिया कॉर्डिफोलिया. दोन्हींतल्या रंगद्रव्यांचं प्रमाण वेगळं. तापमान फार वाढलं तर मॅडर तपकिरीकडे झुकतं.

हा फसलेला फिका तुकडा फेकायचा नसतो. पाणी, वनस्पती, तापमान, वेळ लिहून, फोटोत रंग जुळवायला वापरतात त्या करड्या कार्डाशेजारी ठेवून त्याच प्रकाशात फोटो काढला की तो पुरावा होतो, आणि ‘कृती जशीच्या तशी प्रवास करत नाही, पाणीही तिचा घटक आहे’ हे म्हणणं त्यावर उभं राहतं. नोंद करताना चार गोष्टी पुरतात: आज काय बघायचं होतं, एकच कोणती गोष्ट बदलली, काय झालं, पुढे काय. एका दिवशी तीन गोष्टी बदलल्या तर कशामुळे काय झालं ते कधीच कळत नाही. फाइलला तारीख आणि नमुना क्रमांक द्या, कापडाच्या कडेला तोच क्रमांक शिवा. प्रती तीन ठेवा, त्यातली एक विद्यापीठाच्या सर्व्हरवर.

चित्रकार, शिल्पकार म्हणतात की आमचं काम असं मोजता येत नाही. मोजायची गरज नाही. पण एखादा निर्णय का बदलला हे त्याच दिवशी लिहिलं नाही, तर दोन वर्षांनी आठवून लिहिलेलं कारण परीक्षकाला पटत नाही.

माणसांबरोबरचं काम

येवल्याच्या विणकरांशी किंवा डहाणूच्या चित्रकारांशी बोलायचं असेल तर त्याआधी एथिक्सची, म्हणजे संशोधनातल्या नैतिक नियमांची, विद्यापीठाकडून मंजुरी हवी. मागाहून मिळत नाही, आणि मंजुरीविना घेतलेल्या मुलाखती प्रबंधात वापरता येत नाहीत. माहितीपत्रक आणि संमतिपत्र मराठीत करा, सोबत इंग्रजी भाषांतर जोडा. वाचता न येणाऱ्यांसाठी तोंडी संमतीचं ध्वनिमुद्रण करण्याची परवानगी त्याच अर्जात मागा. छापील फॉर्ममध्ये नाव गुप्त ठेवण्याचा पर्याय आधीच धरलेला असतो. तो कारागिरांना लावू नका. ज्याची रेषा आहे त्याचं नाव यायलाच हवं, फक्त ते त्याला विचारून. त्यांच्या वेळेचं मानधनही अर्जात लिहा. मुलाखती व्हॉट्सॲपवर पाठवू किंवा साठवू नका. भारतात फील्डवर्कला जाताना विद्यापीठाकडे रीतसर नोंद करा, नाहीतर ती व्हिसाच्या दृष्टीने गैरहजेरी ठरते.

इथल्या संग्रहांत आपल्याकडचं खूप आहे. सर जे.जे. स्कूलचे जॉन ग्रिफिथ्स आणि त्यांच्या विद्यार्थ्यांनी १८७२ पासून केलेल्या अजिंठ्याच्या नकला लंडनला गेल्या, १८८५ च्या आगीत बऱ्याच जळाल्या, उरलेल्या व्ही अँड ए, म्हणजे लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहेत. पूर्व लंडनमध्ये २०२५ ला उघडलेल्या व्ही अँड ए ईस्ट स्टोअरहाउसमध्ये साठ्यातल्या वस्तू आगाऊ मागवून समोर ठेवून बघता येतात. एका वेळी पाच. क्रमांक आधी ऑनलाइन शोधून, काय बघायचं ते लिहूनच जा.

शेवटची दोन टोकं

बारा ते अठरा महिन्यांच्या दरम्यान बढतीची परीक्षा असते, एमफिलवरून पीएचडीवर. तिथे प्रश्न, संदर्भ, पद्धत आणि थोडं झालेलं काम दाखवायचं असतं. पहिल्या प्रकरणाचा मसुदा दहाव्या महिन्यात हातात असला तर हे जड जात नाही.

व्हायवाला, म्हणजे शेवटच्या तोंडी परीक्षेला, दोन परीक्षक, एक आतला, एक बाहेरचा. सुपरवायझर परीक्षक नसतो. प्रदर्शन असेल तर ते परीक्षकांनी व्हायवाआधी बघायचं असतं, म्हणून जागा किमान सहा महिने आधी नोंदवा. ते उतरल्यावर मागे राहील असं दस्तऐवजीकरण प्रबंधासोबत द्यावं लागतं. प्रबंध विद्यापीठाच्या संकेतस्थळावर सर्वांना खुला होतो. त्यातल्या दुसऱ्याच्या प्रतिमांची परवानगी चित्र निवडतानाच मागायला लागा, शेवटच्या महिन्यात पत्रांची उत्तरं येत नाहीत. बहुतेकांना किरकोळ दुरुस्त्या सांगतात, त्याने खचू नका. त्या मान्य होऊन विद्यापीठाने पूर्ततेची नोंद केल्यावर, आणि आधीचा व्हिसा संपायच्या आत, ब्रिटनमध्ये असतानाच ग्रॅज्युएट व्हिसाचा अर्ज करायचा. पीएचडीला तो तीन वर्षांचा मिळतो आणि त्यावर स्वतःचं काम विकता येतं.