ओहोटीत हायड्रॉइड शोधताना या चुका टाळा

मुंबईच्या किंवा कोकणातल्या खडकाळ किनाऱ्यावर फिरून आल्यावर "हायड्रॉइड काही दिसले नाहीत" असं पुष्कळजण सांगतात. बहुतेकदा ते समोर असतात, पण शेवाळ समजून आपण पुढे जातो. बोटभर उंचीचा तो नाजूक झुबका ही जेलीफिशच्या नात्यातल्या प्राण्यांची अख्खी वसाहत असते. त्यातले काही पॉलिप, म्हणजे वसाहतीतले एकेक जीव, फक्त भक्ष्य पकडून खातात, काही फक्त प्रजननाचं काम करतात, आणि सगळ्यांची पोटं आतून जोडलेली असतात.

मुळात जागा चुकते. उन्हात तापणाऱ्या खडकाच्या माथ्यावर शोधू नका. कपारीत, खडकाच्या खालच्या अंगाला, जुन्या दोरांवर, जेटीच्या खांबांवर बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणाची ओहोटी गाठा, पाणी पूर्ण उतरण्याआधी तासभर पोहोचा आणि भरती लागताच मागे फिरा.

सर्वांत जास्त नुकसान करणारी चूक म्हणजे झुबका उपटून पाण्याबाहेर काढणं. वसाहत तर मरतेच, पण दिसतही काही नाही. फांद्या एकमेकींना चिकटतात, पॉलिप आखडतात आणि फोटोत नुसता तपकिरी गुंता येतो. त्याऐवजी डबक्याशी बसा, पाणी ढवळू नका आणि थोडे थांबा. दहापट मोठं दाखवणारं भिंग जवळ असेल तर एकेक पॉलिप शुंडकं, म्हणजे तोंडाभोवतीचे धाग्यांसारखे अवयव, पसरताना दिसतो. ते दृश्य पाहिल्यावर या प्राण्यांना कुणी गवत म्हणणार नाही.

ब्रायोझोआ या तशाच झुबकेदार वसाहती करणाऱ्या, पण वेगळ्या गटातल्या प्राण्यांशी गल्लत तर अभ्यासकांचीही होते. ब्रायोझोआच्या शुंडकांवर सूक्ष्म केस असतात, ते पाण्याचा प्रवाह तयार करतात. धक्का लागताच छत्री मिटावी तसा सगळा जुडगा झटकन आत जातो. हायड्रॉइडच्या शुंडकांवर हे केस नसतात, आणि ती एकेकटी, सावकाश हलतात.

उघड्या हाताने चाचपू नका. पांढऱ्या पिसांसारखे दिसणारे काही हायड्रॉइड चांगलेच पोळतात, आणि वाळलेल्या तुकड्यातल्या दंशपेशीही फुटू शकतात. दंश झालाच तर चोळू नका, गोड्या पाण्याने धुऊ नका. समुद्राच्या पाण्याने धुवा, चिकटलेले धागे चिमट्याने काढा, मग सोसेल इतक्या गरम पाण्यात, साधारण ४५ अंशांपर्यंत, तो भाग बुडवून ठेवा. श्वास लागला किंवा अंगभर सूज आली तर थेट डॉक्टरांकडे.

परवानगी घेऊन अभ्यासासाठी नमुना घ्यायचाच असेल तर छोटी फांदी पुरते. ती सरळ अल्कोहोलमध्ये टाकू नका, सगळे पॉलिप आत ओढले जातात. आधी समुद्राच्या पाण्यात मॅग्नेशियम क्लोराइडचं द्रावण हळूहळू मिसळून गुंगी येऊ द्या. शुंडकं स्पर्शाला दाद देईनाशी झाली की मगच टिकवा. आणि चिठ्ठीवर ठिकाण-तारखेबरोबर तो कशावर वाढला होता, खडकावर, शिंपल्यावर की शंखात राहणाऱ्या खेकड्याच्या शंखावर, हे नक्की लिहा. ओळख पटवताना ती नोंद फार उपयोगी पडते.