मातीतले जिवाणू वेगळे कसे करावेत: खरी पायरी डायल्यूशनची

‘१ ग्रॅम माती ९ मिलि पाण्यात घाला, हलवा, त्यातलं १ मिलि पुढच्या नळीत टाका.’ मातीतल्या जिवाणूंवरच्या बहुतेक मार्गदर्शिका एवढं सांगून थेट प्लेटांवर, म्हणजे जिवाणू वाढवायच्या बशांवर, उडी मारतात. आपल्याकडच्या काळ्या मातीत ही पद्धत चालत नाही. एकाच नमुन्याचे आकडे दर वेळी वेगळे येतात, आणि विद्यार्थी दोष माध्यमाला (जिवाणूंच्या खाद्याला) किंवा इनक्युबेटरला देत बसतात. मलाही या पायरीने, म्हणजे नमुना टप्प्याटप्प्याने पातळ करण्याच्या डायल्यूशनने, पुष्कळ छळलं आहे, म्हणून या लेखात सगळ्यात जास्त जागा तिलाच दिली आहे.

ऑटोक्लेव्ह (दाबाच्या वाफेने निर्जंतुक करणारं यंत्र), बर्नर, निर्जंतुक नळ्या आणि प्लेटा हाताशी आहेत असं धरून चालतो. हे काम घरच्या ओट्यावर करू नका. धनुर्वाताचे बीजाणू मातीत सर्रास असतात, आणि प्लेटवर नेमकं काय वाढलंय हे आधी कळत नाही. कॉलेजची किंवा कृषी विद्यालयाची प्रयोगशाळा गाठा.

नमुना. वरचा पालापाचोळा बाजूला सारून १५ सेंमी खोलीपर्यंतची माती शेतातल्या आठ-दहा जागांवरून घ्या, एकत्र कालवा आणि निर्जंतुक पिशवीत भरा. त्याच दिवशी काम होणार नसेल तर ४ अंशांवर ठेवा. माती परीक्षणाच्या सवयीने नमुना वाळवू नका. वाळवताना नाजूक जिवाणू मरतात आणि बीजाणू करणारे बॅसिलस तेवढे उरतात. मग अहवालात ‘या शेतात बॅसिलसचं प्राबल्य आहे’ असं वाक्य येतं, ते शेताचं नसून वाळवणीचं असतं. अपवाद एकच. स्ट्रेप्टोमायसिस (बुरशीसारखे तंतू करणारे जिवाणू) आणि त्यांचे भाऊबंद हवे असतील तर माती मुद्दाम सावलीत वाळवावी. त्यांचे बीजाणू तगतात आणि प्लेटवरची गर्दी कमी होते.

थोडी माती १०५ अंशांवर २४ तास ठेवून ओलावा काढा. पुढे हिशेबाला लागेल.

डायल्यूशन. काळ्या मातीत चिकणमातीचे कण कॅल्शियममुळे एकमेकांना घट्ट धरून असतात आणि जिवाणू त्या गुठळ्यांच्या आत-बाहेर चिकटलेले असतात. नळी चार वेळा उलटीपालटी केली की पाणी गढूळ दिसतं आणि माती सुटली असं वाटतं, पण गुठळ्या तशाच राहतात. शंभर जिवाणूंची एक गुठळी प्लेटवर पडली तर तिची कॉलनी, म्हणजे डोळ्यांना दिसणारा जिवाणूंचा ठिपका, एकच उगवते.

म्हणून १ ग्रॅमवर काम करू नका. १० ग्रॅम माती घ्या. मोठा नमुना शेताचं चित्र जास्त खरं दाखवतो. २५० मिलिच्या फ्लास्कमध्ये ०.१ टक्का सोडियम पायरोफॉस्फेटचं ९० मिलि द्रावण घ्या. हे द्रावण मुळात अल्कधर्मी असतं, म्हणून त्याचा सामू (pH) आधी ७ वर आणा. पायरोफॉस्फेट कॅल्शियमला धरतं आणि चिकणमातीची पकड सैल होते. ते नसेल तर ०.८५ टक्के सलाइन (मिठाचं पाणी) चालेल. नुसतं डिस्टिल्ड पाणी मात्र नको, त्यात कमकुवत पेशी फुटतात. फ्लास्कमध्ये मूठभर निर्जंतुक काचमणी टाका आणि शेकरवर मिनिटाला १५० फेऱ्यांना अर्धा तास ठेवा. शेकर नसेल तर हाताने हलवा, पण घड्याळ लावून, आणि सगळ्या नमुन्यांना सारखाच वेळ द्या.

शेकर थांबला की लगेच, मधल्या पातळीवरून १ मिलि काढा. फ्लास्क टेबलावर ठेवून नळ्यांवर नावं लिहीत बसलात तर गुठळ्या तळाला जातात आणि त्यांना चिकटलेले जिवाणूही. नावं आधी लिहून ठेवायची. मायक्रोपिपेटच्या टिपचं टोक निर्जंतुक कात्रीने थोडं कापून घ्या, नाहीतर वाळूचा एक कण अडकला की माप चुकतं. नंतरच्या नळ्यांना साधी टिप चालते.

आता टिप बदलण्याबद्दल. दर नळीला नवी टिप, यात सवलत नाही. ‘एकच टिप वापरून पातळाकडे गेलं तर काय बिघडतं?’ असं विचारणारे भेटतात. टिपच्या आतल्या बाजूला दाट द्रावणाचा थर राहतो आणि पुढच्या नळीत उतरतो. लाखपट पातळ समजलेली नळी प्रत्यक्षात तेवढी पातळ नसते. दर नळी व्होर्टेक्सवर (नळी जोराने ढवळणाऱ्या यंत्रावर) १५ सेकंद फिरवा आणि फिरवणं थांबताच पुढचं माप घ्या. फ्लास्कमधलं द्रावण दहापट पातळ धरा, पुढच्या पाच नळ्यांत (दर नळीत ९ मिलि निर्जंतुक द्रावण, त्यात आधीचं १ मिलि) दहा लाखपटीपर्यंत जा. शेतजमिनीला एवढं पुरतं.

पायरी नीट जमली का, हे प्लेटाच सांगतात. दहा हजारपट पातळ द्रावणाच्या प्लेटवर २१० कॉलन्या आल्या, तर लाखपटीच्या प्लेटवर विशीच्या आसपास याव्यात. तिथे ८० आल्या तर त्या आकड्यांची सरासरी काढू नका. एकतर टिपमधून दाट द्रावण पुढे गेलं, नाहीतर गुठळ्या आधी न फुटता पुढच्या नळ्यांत फुटल्या. अशा वेळी डायल्यूशन पुन्हा करा. बिघडलेल्या आकड्यांतून सरासरीने खरा आकडा निघत नाही.

प्लेटवर ०.१ मिलि पसरता म्हणजे आणखी दहापट गुणायचं असतं, आणि हे विसरलेले हिशेब मी सतत पाहतो. समजा लाखपट पातळ द्रावणाच्या प्लेटवर ६४ कॉलन्या आल्या. ओल्या मातीच्या ग्रॅमला ६.४ कोटी झाल्या. ओलावा २० टक्के असेल तर ०.८ ने भागा, कोरड्या मातीच्या ग्रॅमला ८ कोटी. ३० ते ३०० कॉलन्यांच्या प्लेटाच मोजा, दर पातळीला तीन प्लेटा ठेवा, आणि एका प्लेटवर नुसतं निर्जंतुक द्रावण पसरा. तिच्यावर काही उगवलं तर त्या दिवशीचे सगळे आकडे रद्द.

वाढवणं. प्लेटा आधी कोरड्या करून घ्या. ओल्या पृष्ठभागावर कॉलन्या एकमेकींत मिसळतात. न्यूट्रिएंट अगारमधले पोषक घटक दहापट कमी करा, पण घट्टपणा देणारा अगार तेवढाच ठेवा, २८ ते ३० अंशांवर किमान ७ दिवस थांबा. दुसऱ्या दिवशी मोजून प्लेटा टाकून देणं मला अजिबात पटत नाही, कारण हळू वाढणारे जिवाणूच अनेकदा जास्त मोलाचे निघतात. पृष्ठभागावर कातड्यासारखी, पिठूळ, अगारमध्ये रुतून बसलेली आणि तारेच्या लूपने सहज न निघणारी कॉलनी दिसली तर ती बहुधा स्ट्रेप्टोमायसिसची. पहिल्या पावसानंतर मातीला येणारा वास मुख्यतः याच कुळाच्या जिओस्मिनचा. स्ट्रेप्टोमायसिन हे प्रतिजैविक १९४३ मध्ये अल्बर्ट शाट्झ यांना मातीतल्याच अशा जिवाणूपासून मिळालं.

वेगळं करणं. कॉलनी उचला, नव्या प्लेटवर रेघा ओढून पसरवा (स्ट्रीक करा), एकसारख्या कॉलन्या येईपर्यंत पुन्हा करा.

उपयोग तपासणं. स्टार्च अगारवर आयोडीन टाका, कॉलनीभोवती रंगहीन वलय आलं की स्टार्च फोडणारं विकर, अमायलेज, आहे. दुधाच्या अगारवर स्वच्छ वलय म्हणजे प्रथिनं फोडणारं प्रोटिएज. नत्र स्थिर करणाऱ्या अॅझोटोबॅक्टरसाठी नत्रविरहित अॅश्बी माध्यम. स्फुरद विरघळवणाऱ्यांसाठी १९४८ चं पिकोव्हस्काया माध्यम किंवा लखनौच्या राष्ट्रीय वनस्पती संशोधन संस्थेत तयार झालेलं १९९९ चं माध्यम.

स्फुरदाच्या वलयाबद्दल स्पष्ट बोलतो. या स्फुरद-माध्यमाच्या दुधाळ दिसणाऱ्या प्लेटवर कॉलनीभोवती वलय आलं की लोक जिवाणू खताच्या गोष्टी करू लागतात. त्या प्लेटमध्ये ट्रायकॅल्शियम फॉस्फेट असतं आणि जिवाणूने सोडलेल्या ग्लुकोनिक आम्लासारख्या आम्लांत ते सहज विरघळतं. चुनखडीच्या काळ्या रानात तेच आम्ल चुनाच खाऊन टाकतो. कोकणच्या जांभ्या मातीत स्फुरद बरंचसं लोह आणि अॅल्युमिनियमला बांधलेलं असतं, तिथे हे वलय फारसं काही सांगतच नाही. वलय फक्त निवडीची पहिली चाळणी आहे. ज्या शेतातून माती आणली तिथलीच माती कुंड्यांत भरा, जिवाणू घातलेल्या आणि न घातलेल्या कुंड्या शेजारी ठेवून पीक घ्या, मग दावा करा.

ओळख. आधी ग्रॅम रंजन (रंगावरून जिवाणूंचा गट ओळखणं), मग १६एस हे ओळख पटवणारं जनुक, साधारण १५०० डीएनए-अक्षरांचं, वाचून घ्या. जवळच्या ज्ञात प्रजातीशी साम्य ९८.७ टक्क्यांहून कमी आलं तर नवी प्रजाती असू शकते. तेव्हा पुण्याच्या राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्राशी बोला.

प्लेटवर जे उगवलं ती ‘मातीची विविधता’ असं मात्र लिहू नका. सूक्ष्मदर्शकाखाली दिसणाऱ्या पेशींपैकी अनेकदा शंभरातली एकही प्लेटवर वाढत नाही. स्टेली आणि कोनोप्का या सूक्ष्मजीवशास्त्रज्ञांनी १९८५ मध्ये या तफावतीवर सविस्तर लिहिलं. विविधता हवी असेल तर मातीतून थेट डीएनए काढा. उपयोगी जिवाणू हातात हवा असेल तर प्लेटच लागते.

शुद्ध जिवाणू २० टक्के ग्लिसरॉलमध्ये उणे ८० अंशांवर ठेवा. नळीवर शेत, पीक आणि तारीख पेन्सिलीने लिहा, शाई अल्कोहोलने पुसली जाते. वापरलेल्या प्लेटा झाकण न उघडता १२१ अंशांवर ऑटोक्लेव्ह करूनच टाका.