चाहूल ओळखणारे घर: निरनिराळ्या प्रणाली एकत्र कशा जोडाव्यात

दिवा एका कंपनीचा, दाराचा सेन्सर दुसऱ्या कंपनीचा आणि पंखा तिसऱ्या कंपनीचा असला की मोबाइलमध्ये तीन ॲप्स जमतात. पण दार उघडल्याचे दिव्याला कळत नाही. न सांगता घराने चाहूल ओळखावी अशी अपेक्षा असेल, तर खरेदीपूर्वी एकच प्रसंग निश्चित करावा. येथे वयस्कर आई-वडील रात्री उठून न्हाणीघराकडे जातात, हा प्रसंग घेतला आहे.

सर्व निर्णय एकाच ठिकाणी व्हावेत. त्यासाठी होम असिस्टंट हे मुक्तस्रोत सॉफ्टवेअर रास्पबेरी पाय या तळहाताएवढ्या छोट्या संगणकावर बसवावे. सतत नोंदी लिहून मेमरी कार्ड झिजते, म्हणून एसएसडी, म्हणजे अधिक टिकाऊ साठवण-डिस्क, वापरणे श्रेयस्कर. रास्पबेरी पाय आणि राउटर हे दोन्ही इन्व्हर्टरवर असावेत.

झिग्बी, म्हणजे सेन्सर-दिव्यांसाठीची कमी विजेवर चालणारी बिनतारी पद्धत, आणि घरातील वायफायचा एक पट्टा हे दोन्ही २.४ गिगाहर्ट्झवरच चालतात. हे वायफाय १ क्रमांकाच्या चॅनलवर ठेवून झिग्बीला २५ वा चॅनल दिल्यास दोघांची टक्कर टळते. झिग्बीचे डोंगल, म्हणजे संगणकाला झिग्बीशी जोडणारी छोटी कांडी, यूएसबी ३ पोर्टात थेट खोचू नये, कारण त्या पोर्टाचा गोंगाट याच पट्ट्यात येतो. हातभर लांबीची एक्स्टेन्शन वायर लावून ते दूर ठेवावे.

खरी कसोटी संदेशवहनाची आहे. एमक्यूटीटी या पद्धतीत प्रत्येक उपकरण आपली स्थिती एका मध्यस्थाकडे, म्हणजे ब्रोकरकडे, 'घर/मार्गिका/हालचाल' अशा ठरावीक नावाखाली पाठवते आणि ज्याला गरज असेल तो ती तेथून घेतो. दिव्याची स्थिती ब्रोकरला जपून ठेवायला सांगावी, म्हणजे यंत्रणा पुन्हा सुरू होताच ती लगेच मिळते. दारावरच्या घंटीचा संदेश मात्र कधीही जपून ठेवू नये. नाहीतर पहाटे वीज येऊन यंत्रणा सुरू झाली की कोणी नसताना घंटी वाजते आणि सारे घर दाराशी गोळा होते. उपकरण अचानक बंद पडल्यास ब्रोकरने काय जाहीर करावे, हेही आधीच नोंदवता येते. या सोयीचे इंग्रजी नाव चक्क 'मृत्युपत्र' या अर्थाचे आहे, आणि ती वापरली नाही तर मेलेला सेन्सर 'हालचाल नाही' असेच दाखवत राहतो.

आता नियम लिहावा: रात्री ११ ते पहाटे ५ या वेळेत मार्गिकेत हालचाल दिसल्यास दिवा दहा टक्के उजेडाने लागावा, दोन मिनिटे शांतता राहिल्यास विझावा, आणि न्हाणीघराचे दार वीस मिनिटे बंदच राहिल्यास मुलाच्या फोनवर सूचना जावी. हालचाल ओळखणारा साधा पीआयआर (अवरक्त किरणांचा) सेन्सर शरीर आणि परिसर यांच्या तापमानातील फरक टिपतो. त्यामुळे नागपूर-चंद्रपूरच्या उन्हाळ्यात खोली ३५ अंशांच्या पुढे गेली की त्याची नजर मंदावते. तेथे मिलिमीटर-लहरींचा रडार सेन्सर घ्यावा.

दिवा लावणारे, विझवणारे आणि मंद करणारे भिंतीतील डिमर मॉड्यूल इलेक्ट्रिशियनकडूनच बसवून घ्यावे आणि जुने बटण त्याला जोडलेलेच ठेवावे. शेवटी प्रथम इंटरनेटची वायर काढून आणि मग रास्पबेरी पाय बंद करून पाहावे. पहिल्या वेळी रात्रीचा दिवा आपोआप लागला पाहिजे, दुसऱ्या वेळी आईने बटण दाबल्यावर.