विमानाचं मॉडेल करताय? या चुका टाळा

जुलै-ऑगस्टमध्ये लॅकरचा क्लिअर कोट, म्हणजे रंगावरचा शेवटचा पारदर्शक थर, मारू नका. ठाण्यात हे मी दरवर्षी सांगतो, तरी दर पावसाळ्यात कुणीतरी पांढरं पडलेलं विमान घेऊन दारात उभं राहतंच.

गेल्या वर्षी वर्तकनगरचा एक कॉलेजचा मुलगा आला. हातात 1:72 चं, म्हणजे खऱ्याच्या बहात्तराव्या भागाएवढं, मिग-21 एफएल (मिग-21 चा एक प्रकार). 14 डिसेंबर 1971ला ढाक्याच्या गव्हर्नर हाउसवर गेलेल्या मिगांपैकी एक करायचं म्हणून दोन महिने खपला होता. शेवटच्या संध्याकाळी, येऊरकडून पाऊस कोसळत असताना, त्याला धीर निघाला नाही. कॅन उचलला आणि मारला. सकाळी विमान दुधाळ, पंखावरचं राउंडेल (हवाई दलाचं गोल चिन्ह) धुक्याआड गेल्यासारखं. बोलताना पोराचा आवाज कापत होता.

लॅकरमधलं थिनर झपाट्याने उडतं, त्याने पृष्ठभाग गार पडतो आणि हवेतलं पाणी ओल्या थरात जाऊन बसतं. घासून ते जात नाही. आम्ही ऑक्टोबरपर्यंत थांबलो, मग कोरड्या दुपारी एअरब्रशने लांबून नुसत्या लॅकर थिनरचे हलके झोत दिले. ओला थर बसू द्यायचा नाही, डिकल (मॉडेलवर चिकटवायची पातळ चिन्हं) सुरकुततात. पंख स्वच्छ झाले, शेपटीच्या बुडाशी मात्र पुसट डाग राहिला. माझ्या टेबलावर हवेतली आर्द्रता मोजणारा हायग्रोमीटर असतो. आकडा 65 टक्क्यांवर असला की मी कॅनला हात लावत नाही, कॉकपिट रंगवत बसतो.

दुसरी चूक कॅनोपीला, म्हणजे कॉकपिटवरच्या पारदर्शक झाकणाला, सुपरग्लू. पाच मिनिटं वाचवायला लोक हे करतात आणि त्याच्या वाफेने काच आतून पांढरी होते. कॅनोपी बसल्यावर आत बोट जात नाही, म्हणजे संपलंच. फेविकॉल टूथपिकच्या टोकाने लावा, रात्रभर हलवू नका. चुकलं तर ओल्या बोळ्याने पुसता येतं.

मॅट रंगावर थेट डिकल लावू नका, खाली हवा अडकून चंदेरी दिसतं. आधी ग्लॉसचा चकचकीत थर.

किटच्या सूचनेत नाकात वजन सांगितलं असेल तर धडाचे दोन भाग जोडण्याआधीच घाला, नाहीतर विमान शेपटीवर बसेल.

एफएलला अंगची तोफ नव्हती, पोटाखाली जीपी-9 गनपॉड, म्हणजे तोफेची वेगळी पेटी, लागायचा. किट घेताना व्हेरिएंट, म्हणजे विमानाचा नेमका प्रकार, वाचा.

आणि शेपटीवरचा तिरंगा: दोन्ही बाजूंना केशरी पट्टा नाकाकडे. डावं-उजवं डिकल वेगळं असतं, कापायच्या आधीच मागे पेन्सिलीने खूण करा.