पीटीच्या तासाला कुणीच कट्ट्यावर नको : प्राथमिक शाळेत सर्वांचे खेळ कसे सुरू करावेत

पुण्यातल्या अनेक शाळांत दिव्यांग मुलं इतरांच्या मांडीला मांडी लावून शिकतात. पीटीचा तास आला की मात्र त्यांच्या हाती गुण लिहायची वही येते. फार तर त्यांना ‘कच्चं लिंबू’ म्हणून डावात घेतात. त्यांचं आउट होणंही मोजायचं नाही आणि गुणही. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याप्रमाणे शाळेने या मुलांना खेळाची संधी इतरांच्या बरोबरीने द्यायची असते. त्यासाठी वेगळा तास नको, वेगळा कोपरा तर नकोच. खेळ असा मांडायचा की ते मूल खराखुरा भिडू होईल. पहिली ते चौथीची मुलं रोजच नवे नियम करून खेळत असतात, म्हणून सुरुवात याच वयात करावी.

आधी चौकशी

पालकांशी आणि मुलाशी नीट बोला. डाउन सिंड्रोम असलेल्या काही मुलांच्या मानेच्या वरच्या मणक्यांचा सांधा सैल असतो. डॉक्टरांना विचारल्याशिवाय कोलांटउडी नको. पायांत संवेदना नसलेल्या मुलाला खरचटलेलं कळत नाही, तेव्हा खेळ संपल्यावर त्याचे पाय तपासा. श्रवणयंत्र काढून खेळणाऱ्या मुलासाठी शिट्टीबरोबर रुमालही हलवा. आणि मुलाला विचारा, तुला काय खेळायला आवडेल? हा प्रश्न बहुतेक वेळा राहूनच जातो.

पहिला खेळ : बसून व्हॉलीबॉल

मोठ्यांच्या सामन्यात मैदान १० मीटर लांब, ६ मीटर रुंद असतं. जाळीची उंची पुरुषांसाठी १.१५ मीटर आणि महिलांसाठी १.०५ मीटर. शाळेत दोन खुर्च्यांना दोरी बांधली की झालं, बसलेल्या मुलांच्या डोक्याच्या थोडी वर. चेंडू हवा भरलेला, हलका घ्या. खडबडीत कोब्यावर मुलं सोलवटतात आणि सतरंजी गोळा होते, म्हणून गुळगुळीत फरशीचा हॉल बरा.

नियम एकच पक्का ठेवा : चेंडू मारताना बूड जमिनीला टेकलेलं हवं. मग गंमत बघा. वर्गात सगळ्यांत जोरात पळणारा मुलगा चेंडू दिसला की सवयीने उठतो आणि फाउल होतो. पायाला कॅलिपर असलेली मुलगी तोवर हातांवर सरकत चेंडूखाली पोहोचलेली असते. दोन-तीन डाव झाले की भिडू निवडताना मुलं आपणहून तिचं नाव घेतात. तुम्ही मध्ये काही बोलू नका.

दुसरा खेळ : गोलबॉल

दुसऱ्या महायुद्धात दृष्टी गेलेल्या सैनिकांसाठी १९४६ मध्ये हा खेळ तयार झाला. दोन्हीकडे तीन-तीन भिडू असतात आणि अजिबात न दिसणाऱ्यासकट सगळ्यांच्या डोळ्यांवर पट्टी. आत घंटा असलेला सव्वा किलोचा चेंडू सरपटत फेकायचा, समोरच्यांनी आडवं पडून तो अडवायचा.

लहानांसाठी एवढा जड चेंडू नको. जुना हलका फुटबॉल कापडी पिशवीत घट्ट शिवा आणि पिशवीला घुंगरं लावा, तुळशीबागेत मिळतील. सीमारेषेवर सुतळी ताणून वर चिकटपट्टी लावा, म्हणजे हाताला रेषा लागते. पहिल्या दिवशी नुसतं बसवा, चेंडू घरंगळवा आणि तो कुठे आहे ते बोटाने दाखवायला सांगा. अडवणं दुसऱ्या दिवशी, फेकणं त्यानंतर. शांतता लागते, म्हणून रस्त्याकडेचा हॉल असेल तर हॉर्नचा गोंगाट सुरू होण्याआधीचा तास धरा.

‘बघा, अंध असणं कसं असतं’ असं मात्र म्हणू नका. दोन मिनिटांच्या पट्टीने मुलांना फक्त भीती कळते. कानाने चेंडू ओळखणं हे कसब आहे आणि ते कसब म्हणूनच शिकवावं.

तिसरा खेळ : बोचिया

मला यातला सर्वांत मोलाचा खेळ हाच वाटतो. हातापायांवर फारच कमी ताबा असलेली मुलंही तो खेळू शकतात. १९८४ पासून तो पॅरालिम्पिकमध्ये आहे. आधी पांढरा चेंडू टाकायचा. मग एका बाजूचे सहा लाल, दुसरीचे सहा निळे. पांढऱ्या चेंडूच्या जो जवळ, त्याचा गुण. ज्वारी भरून शिवलेले कापडी चेंडू चालतात. फेकता न येणाऱ्या मुलासाठी रुंद पीव्हीसी पाइप उभा चिरून घसरगुंडी करा; कडा घासून घ्या. त्यावरून घरंगळवायला मात्र कापडी नको, गुळगुळीत गोल चेंडू द्या.

स्पर्धेत घसरगुंडी धरणाऱ्या मदतनिसाला मैदानाकडे पाठ करून बसावं लागतं. डावीकडे, अजून वर, थांब, हे सगळं खेळाडू सांगतो. शाळेतही हा नियम सोडू नका. मदत करणारी मुलं मायेने सगळं स्वतःच करून टाकतात. पाठ फिरवली की निर्णय खेळणाऱ्याकडे येतो.

मग आपले खेळ

लगोरी, विषामृत, खो-खो यांनाही चार प्रश्न लावा. जागा लहान करता येईल? काम बदलता येईल? साहित्य मोठं, मऊ किंवा आवाज करणारं घेता येईल? भिडूंची जोडी लावता येईल? लगोरी टेबलावर रचली की व्हीलचेअरवरचं मूल ती उभी करू शकतं. उत्तरं मुलांकडूनच मागा, ती भराभर सुचवतात.

दोन-चार आठवडे खेळून झाल्यावर मुरलीकांत पेटकरांची गोष्ट सांगा. १९६५ च्या युद्धात जखमी झालेल्या या सैनिकाने १९७२ मध्ये हायडेलबर्गला ५० मीटर फ्रीस्टाइल पोहण्यात भारताचं पहिलं पॅरालिम्पिक सुवर्णपदक जिंकलं. खडकीच्या पॅराप्लेजिक रिहॅबिलिटेशन सेंटरमध्ये मणक्याला दुखापत झालेले जवान व्हीलचेअरवर बास्केटबॉल खेळतात, हेही सांगा. आधी गोष्ट सांगितली तर मुलं हळहळतात. खेळून झाल्यावर सांगितली की वेळ किती लागला, पोहताना पाय कसे सांभाळले, असं विचारतात.

वार्षिक क्रीडा महोत्सवाच्या पत्रकात यातला निदान एक खेळ घाला. गट मिश्र असू द्या, गुण मोजा, हरणाऱ्याला हरू द्या आणि पदकं इतर स्पर्धांबरोबर त्याच मंचावर द्या.