वायफायवर साइट उघडेना तेव्हा

तासगावात द्राक्षबागेच्या ऑक्टोबर छाटणीनंतर डाऊनी या बुरशीजन्य रोगाची धास्ती असते, पावसाचा अंदाज पाहूनच फवारणी ठरते. नेमकी तेव्हाच हवामानाची साइट घरच्या वायफायवर उघडेना. मोबाइल डेटावर मात्र लगेच उघडायची. म्हणजे साइट चालू होती. ब्राउझर ‘डीएनएस’ची एरर दाखवत होता, म्हणजे नावावरून सर्व्हरचा पत्ताच सापडत नव्हता. राउटरच्या सेटिंगमध्ये डीएनएसच्या जागी ८.८.८.८ आणि १.१.१.१ हे सर्वांसाठी खुले असलेले डीएनएस पत्ते टाकले, राउटर बंद करून चालू केला. उघडली साइट!

शेजारच्या अण्णांकडे राउटरचा पासवर्ड नव्हता. त्यांच्या फोनमध्ये ‘प्रायव्हेट डीएनएस’ला ‘डीएनएस डॉट गूगल’ भरून दिलं. अँड्रॉइड ९ पासून ही सोय आहे. एरर ‘टाइम आउट’ची, म्हणजे वेळेत उत्तर न आल्याची असेल तर मात्र कारण बहुधा वेगळं असतं, म्हणून आधी एरर नीट वाचा.