जुना पोलिस अधिकारी शेरीफसाठी उभा असेल तर मत द्यायच्या आधी काय बघायचं

सिटिझनशिप झाल्यावर पहिल्यांदा बॅलट घरी येतं तेव्हा वरची नावं ओळखीची असतात, गव्हर्नर, सिनेटर वगैरे, आणि मग खाली येता येता एका ठिकाणी पेन थांबतं, शेरीफ. आपल्याला शेरीफ म्हटलं की मुंबईचे नगरपाल आठवतात, दिलीपकुमार होते, १९९४ ला गावसकर होते, मानाचं पद. इथला शेरीफ तसा नाही, त्याच्या हातात पोलिस आहेत, जेल आहे, मोठं बजेट आहे आणि त्याला निवडणारे आपण आहोत. २०२२ च्या जूनमध्ये मी तो रकाना कोराच सोडणार होते कारण सगळ्याच उमेदवारांपुढे काहीतरी वजनदार लिहिलेलं, कोण बरं हे कळेचना. मग बसून शोधलं, वेळ लागला, पण जे हाती आलं ते लिहून ठेवते, कुणाला तरी उपयोग होईल. मी कॅलिफोर्नियात सांता क्लारा काउंटीत (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखी) राहते म्हणून उदाहरणं इथलीच आहेत.

सगळ्यात आधी तुमच्या घरी ९११ लावल्यावर कोण येतं ते शोधा. सॅन होजेला स्वतःचे पोलिस आहेत, सनीव्हेलला पोलिस आणि फायर मिळून एकच डिपार्टमेंट आहे, पण कुपर्टिनो, सॅराटोगा आणि लॉस आल्टोस हिल्सला स्वतःचे पोलिसच नाहीत, ही गावं शेरीफशी करार करतात आणि शेरीफचे डेप्युटी गस्त घालतात. म्हणजे कुपर्टिनोतल्या माणसासाठी शेरीफ हाच पोलिस प्रमुख. कितीतरी मराठी घरं आहेत तिथे आणि बऱ्याच जणांना हे माहीत नसतं. पण सॅन होजेत राहत असाल तर माझा काय संबंध असं म्हणू नका, कारण अख्ख्या काउंटीचं जेल शेरीफच चालवतो, मेन जेल सॅन होजेत आणि एल्मवुड मिलपिटासला.

आता मुद्द्याचं. उमेदवार प्रचारात सांगतो की मी तीस वर्षं पोलिसात होतो. चांगलंच आहे, पण त्यावरून निवड करता येत नाही, कारण कॅलिफोर्नियात कायद्यानेच शेरीफच्या उमेदवाराकडे राज्याकडून पोलिसांना मिळणारं अ‍ॅडव्हान्स्ड सर्टिफिकेट किंवा ठरावीक शिक्षण आणि त्याला जोडून खात्यातला अनुभव असावा लागतो. म्हणजे बॅलटवरचा प्रत्येकजण काही ना काही अनुभव असलेलाच असतो. तेव्हा किती वर्षं हे विचारू नका, कुठे आणि काय केलं ते विचारा. गस्त, तपास, चीफ, म्हणजे शहराचा पोलिस प्रमुख, म्हणून ऑफिस सांभाळणं आणि जेल ही चार वेगवेगळी कामं आहेत. आपल्याकडे एसपी वेगळा आणि कारागृह विभाग वेगळा असतो ना, इथे ती दोन्ही ओझी एकाच माणसावर आहेत, आणि शहराच्या पोलिसात आयुष्य गेलेल्या माणसाने मोठं जेल कधी चालवलेलंच नसतं.

२०२२ ला हेच दोन ठिकाणी दिसलं. लॉस एंजेलिसला रॉबर्ट लुना उभे होते, लाँग बीचच्या पोलिसात ३६ वर्षं काढलेले, शेवटी तिथलेच चीफ, त्यांनी पदावर असलेल्या शेरीफला, अ‍ॅलेक्स व्हिलानुएवांना हरवलं, आणि जे खातं हातात आलं त्यात देशातली सगळ्यात मोठी जेल व्यवस्था आहे. आमच्याकडे बॉब जॉन्सन, आधी लॉस एंजेलिसच्या शेरीफ खात्यात, मग मेन्लो पार्क आणि पालो आल्टोचे चीफ, आणि समोर केव्हिन जेन्सन, इथल्याच शेरीफ खात्यातून रिटायर झालेले. एक बाहेरचा, एक आतला. प्रायमरीत, म्हणजे पहिल्या फेरीच्या मतदानात, कुणालाच निम्म्याहून जास्त मतं मिळाली नाहीत म्हणून पहिले दोघे नोव्हेंबरला परत समोरासमोर आले आणि जॉन्सन जिंकले.

बाहेरचा की आतला हा प्रश्न आमच्याकडे नुसता चर्चेपुरता नव्हता. २०१५ मध्ये आमच्या मेन जेलमध्ये मानसिक आजार असलेला एक कैदी पहाऱ्यावरच्या डेप्युटींच्या मारहाणीत गेला. तेव्हाच्या आमच्या शेरीफ लॉरी स्मिथ १९९८ ला निवडून आल्या होत्या, कॅलिफोर्नियात निवडून आलेल्या पहिल्या महिला शेरीफ, २०२२ पर्यंत त्याच होत्या, आणि शेवटी बंदुकीच्या परवान्यांत मर्जीतल्या लोकांना झुकतं माप दिल्याच्या वगैरे आरोपांवर दिवाणी खटला चालला. त्यांनी ३१ ऑक्टोबरला राजीनामा दिला आणि तीनच दिवसांनी ज्युरीने सहाही आरोपांवर त्यांना दोषी धरलं. म्हणून आतला माणूस असेल तर विचारा की हे सगळं चालू असताना तुम्ही कुठल्या पदावर होता आणि काय बोललात, आणि बाहेरचा असेल तर विचारा की जेलमधलं तुम्हाला काय कळतं.

जेलबद्दल मी एवढं का बोलते ते सांगते. ओळखीतल्या एका घरातला मुलगा, मानसिक आजारावर औषधं चालू असलेला, एका काउंटीच्या जेलमध्ये दोन रात्री होता आणि गोळ्या त्याला दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मिळाल्या, आई फोन करकरून थकली. गुन्हा सिद्ध झालेला नव्हता. जेलमधले बरेचसे लोक असेच, खटल्याची वाट बघत बसलेले असतात, हे आपल्या लोकांच्या लक्षातच येत नाही, जेलमध्ये आहे म्हणजे काहीतरी केलंच असणार असं आपण पटकन धरून चालतो. तेव्हा उमेदवारांचा फोरम, म्हणजे प्रश्नोत्तरांची सभा, झाला की चिठ्ठीवर लिहून द्या, रात्री दहाला आलेल्या माणसाची औषधं किती तासांत सुरू होतात, कोठडीत मृत्यू झाला तर घरच्यांना कोण आणि कधी कळवतं. ज्याने याचा विचार केलाय तो सरळ उत्तर देतो, बाकीचे सुरक्षिततेवर भाषण करतात.

चीफ राहिलेला उमेदवार असेल तर एक सोय आहे, त्याने घेतलेले निर्णय लिखित असतात. शहराच्या कौन्सिल मीटिंगचे व्हिडिओ असतात, अवघड प्रश्न आल्यावर तो कसा बोलतो ते बघा, तिथे माणूस कळतो. उदाहरण म्हणजे जॉन्सन चीफ असताना जानेवारी २०२१ मध्ये पालो आल्टो पोलिसांचा रेडिओ एनक्रिप्ट झाला, पत्रकारांना ऐकू येणं बंद झालं, आणि त्यांच्यानंतरच्या चीफने तो २०२२ ला परत खुला केला. यावरून तुम्ही काय ठरवायचं ते तुमचं, पण माहीत असायला हवं. २०१९ पासून पोलिसांनी केलेला गोळीबार, गंभीर दुखापत, खोटेपणा सिद्ध झालेली प्रकरणं यांचे रेकॉर्ड कुणालाही मागता येतात, त्यामुळे स्थानिक पेपरवाल्यांनी ते मागवलेले असतात का तेही बघा.

प्रचाराचा पैसा फॉर्म ४६० वर दिसतो, तो काउंटीच्या निवडणूक ऑफिसच्या, म्हणजे रजिस्ट्रार ऑफ व्होटर्सच्या साइटवर मिळतो, देणग्या कुणी दिल्या ते वाचा. एन्डॉर्समेंटचं, म्हणजे कुणाचा जाहीर पाठिंबा आहे त्याचं म्हणाल तर डेप्युटींची युनियन आणि जेलमधल्या ऑफिसरांची युनियन इथे वेगळ्या आहेत, दोघी एकाच बाजूला आहेत का हे बघण्यासारखं असतं. बॅलटवर नावाखाली धंदा लिहिलेला असतो तो जास्तीत जास्त तीन शब्दांचा आणि उमेदवारानेच निवडलेला, आणि मतदारांना येणाऱ्या गाइडमधलं निवेदनही त्याचंच असतं, त्यावर मत ठरवू नका.

आणि हे सगळं एवढ्या काळजीने का, तर चीफला सिटी मॅनेजर, म्हणजे शहराचा नेमलेला प्रशासक, घरी पाठवू शकतो, शेरीफला सहसा कुणी काढू शकत नाही. लॉस एंजेलिसच्या मतदारांनी २०२२ मध्ये आणि सॅन मटेओच्या मतदारांनी २०२५ मध्ये काउंटीच्या निवडून आलेल्या बोर्डाला तसा अधिकार दिला, पण तो मुद्दाम मत घेऊन द्यावा लागला.

टेक्सासवाल्यांनो, तुमच्याकडे शेरीफ पक्षाच्या तिकिटावर उभा राहतो, आमच्याकडे बॅलटवर पक्ष नसतो. न्यू जर्सीत मुदत तीन वर्षांची आणि काम बरंचसं कोर्टाच्या सुरक्षेचं. कनेक्टिकटला काउंटी शेरीफच नाहीत.

आमच्याकडे २०२२ ला निवडून आलेल्यांना सहा वर्षं मिळाली, कायदा बदलून शेरीफची निवडणूक प्रेसिडेंटच्या निवडणुकीच्या वर्षात नेली, म्हणजे पुढची २०२८ ला. प्रायमरीतच कुणाला निम्म्याहून जास्त मतं मिळाली तर तिथेच निकाल लागतो, नोव्हेंबरची वाट बघत बसलात तर तो रकाना बॅलटवर नसेलही. बॅलटच्या पाकिटाला स्टॅम्प लागत नाही, फक्त मागे सही करायला विसरू नका, आणि ती सही तुमच्या लायसन्सवरच्या सहीसारखी करा.